बुडते म्हणून इमर्जर परत पाठवण्याआधी

आम्ही फ्लाय बांधून विकतो, म्हणजे मासेमारीच्या हुकावर पिसं-दोऱ्यांनी बांधलेले नकली किडे. आमच्याकडे जी पाकिटं परत येतात त्यांत बहुतेक वेळा इमर्जरच, म्हणजे पाण्याबाहेर येऊ पाहणाऱ्या किड्याच्या नकला, असतात, आणि सोबतच्या चिठ्ठीतली तक्रारही ठरलेली: फ्लाय नीट तरंगत नाही, मागून बुडते. पाकीट उघडलं की कारण बोटांना लगेच कळतं. हुकाच्या डोळ्यापासून बाकापर्यंत सगळी फ्लाय चिकट झालेली असते आणि वरच्या सीडीसीच्या (बदकाच्या मऊ पिसांच्या) पंखाची पार वात वळलेली असते. तरंगावी म्हणून कुणीतरी मनापासून तरंगवणारं जेल फासलेलं असतं.

मागून बुडणं हे या फ्लायचं कामच आहे. मेफ्लाय, कॅडिस किंवा चिलटं तळातून वर येतात तेव्हा पृष्ठताणामुळे ताणलेला पाण्याचा पापुद्रा त्यांना आडवा येतो. काही मिलिमीटरच्या किड्याला तो फोडणं सोपं नसतं. किडा त्याला खालून लटकतो, पाठीवर कात उकलते, आधी छाती आणि पंख बाहेर येतात आणि पोट अजून कातीतच अडकलेलं असतं. त्या वेळी त्याला उडताही येत नाही आणि खाली पळताही येत नाही. एवढी सोपी शिकार ट्राउट मासा सोडत नाही. म्हणून इमर्जरचा पंख पापुद्र्याच्या वर आणि पोट खाली हवं. पोटाला जेल लावलं की सगळी फ्लाय पाण्यावर आडवी पडते, आणि शेजारून खरे किडे गट्ट करणारा मासा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग दोष बांधणीला.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. नेदरलँड्सच्या हान्स व्हान क्लिंकन यांनी १९८०च्या दशकात नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर जी क्लिंकहॅमर फ्लाय बसवली, तिचीही मांडणी हीच: वाकडा हूक, पाण्याखाली लोंबणारं पोट, आणि पोस्टभोवती, म्हणजे पाठीवरच्या उभ्या खुंटीभोवती, छत्रीसारखं गुंडाळलेलं हॅकल, म्हणजे पिसाचा झुबका. वजन पेलतं ते फक्त हॅकल.

आता जेल कुठे चालतं आणि कुठे नाही. क्लिंकहॅमरच्या पोस्टला आणि हॅकलला चालतं. मोहरीएवढं जेल बोटांच्या चिमटीत घ्या, पातळ होईपर्यंत चोळा आणि तेवढंच वर लावा. पोटाला मात्र उलट नदीचं पाणी चोळायचं, म्हणजे पहिल्याच फेकीला ते खाली जातं. सीडीसीला जेल अजिबात नको. बदकाच्या शेपटीजवळच्या तैलग्रंथीभोवतीची ही पिसं. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकते, ती हवाच फ्लायला वर धरते. जेलने तंतू एकमेकांना चिकटले की हवा गेली.

सीडीसी भिजलं, किंवा मासा लागून बुळबुळीत झालं, तर आधी पाण्यात खळबळून बुळबुळ काढा. मग कागदी रुमालात किंवा अमाडूत (पाणी शोषणाऱ्या वाळलेल्या बुरशीच्या तुकड्यात) घट्ट दाबा, एक फुंकर मारा, पाण्याला न टेकवता दोन-तीन कोरड्या फेकी करा. तरी पंख उभा राहिला नाही तर कोरडी सिलिका पावडर, तीही पंखापुरतीच. पण लागोपाठ मासे लागले की सीडीसी दमतंच. तेव्हा दोरीला दुसरी फ्लाय लावावी आणि पहिली टोपीला टोचून वाळू द्यावी. म्हणून आम्ही एकाच मापाच्या किमान तीन घ्यायला सांगतो. विकण्यासाठी सांगतात असं वाटत असेल तर वाटू दे, संध्याकाळी मासे वर येऊन किडे खात असताना, ऐन उठावाला, एकाच ओल्या फ्लायवर बसून राहिलात की पटेल.

दुसरी तक्रार दिसण्याची: "तुमच्या फ्लाय फार हडकुळ्या असतात." असतात, आणि तशाच राहतील. पोटाला आम्ही सोललेल्या पिसाची काडी किंवा नुसता दोराच गुंडाळतो, कारण जाड डबिंगमध्येही (दोऱ्यावर वळलेल्या लोकरीसारख्या तंतूंत) हवा अडकते. मागे लोंबणारी कात म्हणजे रिकामी पिशवी, तिच्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. अँट्रॉनचे, म्हणजे चमकदार कृत्रिम तंतूचे, मोजके धागे, लांबी पोटाच्या निम्म्यापासून पोटाएवढी, बास. घरी बांधत असाल तर धागे लावून झाल्यावर त्यातले निम्मे कापून टाका, नवशिक्याचा हात इथेच सुटतो. पंखाला १६ नंबरच्या हुकावर दोन पिसं पुरतात, ती छातीवर किंचित पुढे झुकवून बांधा. अँट्रॉन आणि सीडीसी आमच्याकडे सुटंही मिळतं.

इमर्जर कधी वापरायची ते मासाच सांगतो. पाण्यावर फक्त पाठ आणि वरचा पर दिसला, तोंड दिसलंच नाही आणि मागे बुडबुडाही राहिला नाही, तर खाणं पापुद्र्याच्या खाली चाललंय. बुडबुडा राहिला तर किड्याबरोबर हवाही तोंडात गेली, तिथे ड्राय फ्लाय, म्हणजे पूर्ण पाण्यावर तरंगणारी फ्लाय, बरी. आधी माप जुळवा, रंगाचं नंतर बघू. १४ ते १८ नंबरात बहुतेक कामं होतात.

टिपेटबद्दलही, म्हणजे फ्लायला जोडलेल्या दोरीच्या शेवटच्या बारीक भागाबद्दलही, वारंवार विचारणा होते. सपाट पाण्यावर तरंगणारा टिपेट माशाला ठळक दिसतो, म्हणून त्याच्या शेवटच्या हातभर भागाला मुलतानी माती आणि भांड्यांचा साबण कालवून चोळा. ५ एक्स, म्हणजे साधारण ०.१५ मिमी, नायलॉन घ्या. फ्लुओरोकार्बन जड असतो, १८ नंबरच्या फ्लायचं तोंड खाली ओढतो. फ्लाय दिसत नसेल तर दिसणाऱ्या ड्राय फ्लायच्या मागे अर्ध्या मीटरवर बांधा. मासा घेतो तेव्हा नुसतं पाणी फुगल्यासारखं दिसतं. हिसका देऊ नका, रॉड सावकाश उचला.

आता परत पाठवण्याबद्दल. दोरा उलगडला, पोस्ट निघाला किंवा हुकाचा डोळा वार्निशने बुजलेला निघाला, तर फ्लाय बिनबोभाट बदलून मिळेल. जेल लावलेली सीडीसी बदलून मिळणार नाही. ती कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि किटलीच्या वाफेवर चिमट्यात धरा, बऱ्याचदा पंख पुन्हा फुलतो. आणि पाठवायचीच असेल तर कृपया हुकाचं टोक बुचात खोचून पाठवा. पाकिटं आम्ही हातानेच उघडतो.