सातविणीची साल आणि परजीवीचा कचरा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यातले कितीतरी रस्ते संध्याकाळी एका जड, गोडसर वासाने भरून जातात. कुणाला तो आवडतो, कुणाचे डोके धरते. हा सातविणीच्या फुलांचा वास. याच झाडाची साल काष्ठौषधींच्या दुकानात ‘सप्तपर्ण’ या नावाने मिळते आणि ती हिवतापावर चालते असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. का चालते, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘कडूजहर असते ना!’ काडेचिराईत कडू, गुळवेल कडू, कडुनिंब तर नावातच कडू, आणि साहेबाचे क्विनीनही कडू. तेव्हा तापाला कडूच लागते, असा हा सरळ हिशेब.

हिशेब सरळ आहे, पण चुकीचा. कडू चव ही आपल्या जिभेची तक्रार आहे. वनस्पतीतली बरीच विषे कडू असल्याने जीभ सावध करते, एवढेच. कारलेही कडू असते. क्विनीन हिवतापावर चालते त्याचे कारण चवीत नाही, हिवतापाच्या परजीवीला स्वतःचा कचरा कुठे टाकावा हे कळत नाही, त्यात आहे. ही गोष्ट इतकी सुंदर आहे की ती सावकाश सांगायला हवी.

प्लाझमोडियम हा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो. आत खायला जवळपास एकच पदार्थ असतो, हिमोग्लोबिन. साधारण 48 तासांत तो त्यातले निम्म्याहून अधिक फस्त करतो. हिमोग्लोबिनमधला ग्लोबिन हा प्रथिनाचा भाग त्याला पचतो. उरते ते हीम, म्हणजे मधोमध लोखंडाचा अणू धरून बसलेले चपटे कडे. ते त्याला पचत नाही आणि मोकळे सोडून देणेही परवडत नाही, कारण मोकळे हीम पेशीच्या पापुद्र्यांत घुसते आणि ते फाडते. आपल्या शरीरात हीम तोडणारे वितंचक (एन्झाइम) आहे. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग पुढे हिरवट आणि मग पिवळा होतो, ते याच तोडण्याचे रंग. परजीवीकडे ही सोय नाही. म्हणून तो दोन-दोन हीमच्या जोड्या बांधतो, त्या विटांसारख्या रचतो आणि त्यांचा न विरघळणारा तपकिरी स्फटिक करून टाकतो. त्याचे नाव हिमोझॉइन. रक्ताच्या काचपट्टीवर परजीवीच्या पोटात जे गडद ठिपके दिसतात ते हेच. घराच्या कोपऱ्यात कचरा साठवून त्यावर सिमेंट ओतावे, तसा हा प्रकार.

क्विनीन, आणि त्याच्याच घाटाचे पण पूर्णपणे कारखान्यात तयार झालेले क्लोरोक्विन, नेमके या रचाईत घुसतात. त्यांचे चपटे कडे हीमच्या चपट्या कड्यावर बसते, स्फटिकाच्या वाढत्या कडेवर नवी वीट लागू देत नाही. कचरा साचतो आणि परजीवी आपल्याच जेवणाने मरतो.

पण रक्तात औषध असते अगदी थोडे, आणि हीम तर ढीगभर. मग पुरते कसे? इथे शाळेतले आम्ल-अल्क कामाला येते. हीम साचते ती पचनपोकळी आम्ल असते. तिचा सामू सुमारे 5.4 धरू, बाहेर रक्ताचा 7.4. क्लोरोक्विन हे दोन प्रोटॉन घेऊ शकणारे अल्क आहे. प्रोटॉन न घेतलेला रेणू पापुद्र्यातून आरपार जातो. आत आम्लात शिरला की दोन प्रोटॉन चिकटतात, तो भारित होतो आणि भारित रेणूला पापुद्रा ओलांडता येत नाही. सामूत 2 अंकांचा फरक म्हणजे एका प्रोटॉनमागे 100 पट साठा. दोन प्रोटॉनांचे 100 गुणिले 100, म्हणजे 10,000 पट. हे कागदावरचे गणित आहे, पण औषध प्रत्यक्षातही हजारो पटींनी साठते. उंदराच्या पिंजऱ्याचे दार आतल्या बाजूलाच उघडावे, तसे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. यकृतात लपलेला व्हायवॅक्स जातीचा परजीवी हिमोग्लोबिन खात नाही, त्यामुळे क्लोरोक्विन त्याला शिवतही नाही. म्हणून व्हायवॅक्स हिवतापात 3 दिवसांच्या क्लोरोक्विनच्या जोडीने प्रायमाक्विन 14 दिवस घ्यायचे असते, दर किलो वजनाला 0.25 मिलिग्रॅम, आणि जी-सिक्स-पीडी या वितंचकाची कमतरता असलेल्यांनी ते तपासणीशिवाय घ्यायचे नसते. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडणारे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा दवाखान्यात येतात.

परजीवीनेही तोड काढली. पोकळीच्या पापुद्र्यात एक वाहक प्रथिन आहे. त्याच्या साखळीतल्या 76 व्या जागी धनभारित लायसीन होते. तिथे भाररहित थ्रिओनीन आले आणि एरवी भाराने परत ढकलले जाणारे क्लोरोक्विन या दारातून बाहेर पडू लागले. या दाराची ओळख 2000 साली पटली. तोवर औषध जगाच्या मोठ्या भागात फॅल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या परजीवीवर निकामी झालेले होते.

मग आले आर्टेमिसिनिन. 1967 साली चीनने सुरू केलेल्या लष्करी प्रकल्पात तू यूयू (हे नाव आहे, संबोधन नव्हे) जुन्या ग्रंथांतले नुसखे तपासत होत्या. चिंगहाओ या दवण्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या पुस्तकात कृती होती: मूठभर पाला पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असे कुठेच नव्हते. उष्णतेने गुण जात असावा असा तर्क करून त्यांनी 35 अंशांनाच उकळणारे ईथर वापरले. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले सगळे परजीवी नाहीसे केले. त्याबद्दल 2015 साली नोबेल मिळाले. ‘जुन्या ग्रंथात सगळे आहे’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडते. आधीचे 190 नमुने ते सांगत नाहीत.

आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन एकमेकांना थेट बांधलेले असतात. हा बंध कच्चा. मोकळ्या हीममधले लोखंड तो तोडते, त्यातून निघणारे आक्रमक तुकडे आसपासच्या प्रथिनांना चिकटत सुटतात. निरोगी तांबड्या पेशीत हीम ग्लोबिनच्या कुशीत बंद असते, म्हणून तिथे स्फोट होत नाही. म्हणजे पुन्हा तोच कचरा, यावेळी वात म्हणून.

या वनस्पतीचा चहा पिऊन हिवताप टाळा, असा प्रचार अधूनमधून येतो. 9 ग्रॅम वाळल्या पाल्याचा 1 लिटर चहा मोजला गेला तेव्हा त्यात सुमारे 94 मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन मिळाले. उपचाराला दिवसाला 500 लागते, आणि पानांतले प्रमाण जातीगणिक, शेतागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटनेचा या चहाला विरोध आहे. अपुरी मात्रा म्हणजे परजीवीची शिकवणीच. आग्नेय आशियात आढळलेले, केल्च-13 या जनुकात बदल झालेले परजीवी बालवयात हिमोग्लोबिन कमी गिळतात. हीम कमी, तर स्फोटही कमी. शरीरात औषधाचे अर्धे आयुष्य तासाभराचे, तेवढा वेळ उपास करून निभावतात. म्हणूनच हे औषध एकटे देत नाहीत. महाराष्ट्रात फॅल्सिपेरमला आर्टेसुनेट या आर्टेमिसिनिनपासून केलेल्या औषधाबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामीनची जोड असते.

आता सातविणीकडे. एखादी साल खरेच चालते का, हे कसे ठरवायचे?

आधी ओळख पटवावी लागते. फुला-पानांसकट दाबून वाळवलेला नमुना आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या वनस्पतिसंग्रहात क्रमांकासह ठेवावा, कारण बाजारात काडेचिराइताच्या नावाखाली सर्रास किरायत मिळतो आणि मग कशाची चाचणी केली तेच कळत नाही. साल सावलीत वाळवायची, दळायची. 100 ग्रॅम भुकटी अर्धा लिटर मिथेनॉलमध्ये दिवसभर भिजवून गाळायची, असे तीनदा. कमी दाबाखाली 40 अंशांच्या आसपास द्रावक उडवले की उरतो तो चिकट अर्क. तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात, पण शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ 0.5 टक्क्याच्या आतच हवे, नाहीतर परजीवी त्यानेच मरगळतो.

परजीवी वाढवायचे ते ओ गटाच्या तांबड्या पेशींत, 37 अंशांना, कमी ऑक्सिजनमध्ये. 1976 साली ही पद्धत बसवली गेली तेव्हा बंद बरणीत मेणबत्ती लावून ती विझेपर्यंत थांबत. तेवढ्याने हवा जुळून येई. 96 खाचांच्या पट्टीत अर्क निम्म्या-निम्म्या मात्रेने पातळ करत घालायचा, 72 तास थांबायचे आणि डीएनएला चिकटून हिरवा चमकणारा रंग टाकायचा. आपल्या पक्व तांबड्या पेशीला केंद्रक नसते, डीएनए नसतो. म्हणून जितकी चमक, तितके परजीवी. मिलिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमला निम्मी वाढ थांबली तर अर्क आशादायक. 50 लागले तर सोडून द्यावा. क्लोरोक्विनला याच कामाला सुमारे 5 नॅनोग्रॅम, म्हणजे हजारावा हिस्सा पुरतो.

फसगत होते ती सॅपोनिनांनी. रिठा-शिकेकाईला फेस आणणारे हे पदार्थ तांबडी पेशीच फोडतात. परजीवी मरतो, पण घर पाडल्यामुळे. असे ‘यशस्वी’ अर्क पुष्कळ छापून येतात. त्यामुळे तोच अर्क परजीवी नसलेल्या पेशींवर आणि मानवी यकृतपेशींवरही लावून बघितलाच पाहिजे. (सॅपोनिन टाकाऊ मात्र नव्हे: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-21 या हिवतापावरील लशीत प्रतिसाद वाढवायला जो घटक घालतात, त्यात चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीचे सॅपोनिन आहे.)

सातविणीच्या सालीतली अल्कलॉइडे (क्विनीनसारखी नत्रयुक्त द्रव्ये) या खाचांमध्ये फारसे काही करत नाहीत. हीच साल कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याबरोबर आयुष-64 या गोळीत आहे. गोळी हिवतापासाठी काढली होती. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या व्हायवॅक्स रुग्णांच्या तुलनेत क्लोरोक्विनने सगळे बरे झाले, या गोळीने जेमतेम निम्मे. पुढे 2021 मध्ये तीच कोविडसाठी पुढे केली गेली. आधुनिक औषधवाल्यांनी हसू नये. त्यांनी 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा असाच गाजावाजा केला आणि मोठ्या चाचण्यांत ते कोविडवर निष्फळ निघाले. विषाणूला ना पचनपोकळी, ना हीमचा कचरा.

तरीही काढ्याने गुण आला असे सांगणारे खोटे बोलत नसतात. परजीवी दर 48 तासांनी पेशी फोडून बाहेर पडतात तेव्हा हुडहुडी भरते. मधला दिवस बरा जातो. म्हणून तर त्याला एकांतरा म्हणत. आज काढा घेतला की उद्या बरे वाटणारच. डेंग्यूत पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचा अनुभवही बराचसा याच जातीचा, कारण त्या आठवड्याभरात आपोआप वाढू लागतात. यावर उपाय म्हणून चाचणीत थर्मामीटरवर भागत नाही. 3 ऱ्या, 7 व्या, 14 व्या आणि 28 व्या दिवशी बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर परजीवी मोजतात. आयुष-64 मागे पडली, ती 28 व्या दिवसापर्यंत केलेल्या मोजणीत.