कोऱ्या चित्राचे पैसे

"ह्यात तर काहीच नाही. ह्याचे पण पैसे घेतले का?"

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका काकूंनी एमआरआयची फिल्म बाल्कनीच्या उजेडात धरून मला विचारलेला हा प्रश्न. फिल्मवर मेंदूचे काप ओळीनं मांडलेले. वरच्या ओळीत एका कापावर चुन्याचं बोट लागावं तसा पांढरा ठिपका. खालच्या ओळीत तोच काप, तीच जागा, आणि ठिपका गायब. काकूंचा हिशोब सरळ होता: वरच्यात आजार सापडला, मग खालचं चित्र काढलंच कशाला? मी म्हटलं, काकू, काकांना औषध मिळालं ते ह्या खालच्या कोऱ्या चित्रामुळे. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून हा लेख.

काका रात्री साडेदहाला ठणठणीत झोपले आणि सकाळी सहाला उठले तेव्हा डावा हात उचलेना, बोलणं जड. नात्यातल्या कुणीतरी फोनवर "अंगावरून वारं गेलंय" असं निदान केलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर तो जुना मेसेज येऊन पडला होता: दहाही बोटांना सुई टोचा, रक्त आलं की झटका उतरतो. (बोटांतून दहा थेंब रक्त काढल्यानं मेंदूतली गुठळी कशी विरघळेल, हे त्या मेसेजमध्ये कधीच लिहिलेलं नसतं.) काकूंनी सुई शोधण्यात वेळ घालवला नाही, रिक्षा बोलावली. वारं वगैरे काही नसतं, हा मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात (स्ट्रोक). बहुतेक वेळा मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती विरघळवणारं औषध आहे, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांतच द्यायचं असा दंडक आहे. उशीर झाला तर फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती राहते.

आता काकांचे साडेचार तास कधीपासून मोजायचे? झोपेत घड्याळ कोण बघतं! नियमानं मोजायचे तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, म्हणजे साडेदहापासून. वेळ केव्हाच टळली.

इथे पाणी कामाला येतं.

शरीरातल्या पाण्याचा प्रत्येक रेणू सतत इकडेतिकडे धडका खात फिरत असतो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी परागकणांतले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना पाहिले, आणि १९०५ मध्ये आईनस्टाईन यांनी त्या थरथरीचं गणित मांडलं. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्यातला रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेनं सरासरी सुमारे १७ मायक्रॉन सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा. मेंदूत तो जेमतेम नऊ मायक्रॉन जातो, कारण वाटेत पेशींच्या भिंती असतात. मोकळ्या मैदानात भटकणं वेगळं आणि दिवाळीच्या आठवड्यात तुळशीबागेत भटकणं वेगळं.

पण एवढंसं सरकणं मोजायचं कसं? एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, त्यात पेशी दिसणं शक्यच नाही. १९६५ मध्ये स्टेजस्कल आणि टॅनर ह्या शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती मला एमआरआयमधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते, त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोफ पाहिला असेल. वरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या, प्रत्येकाच्या हातात एक. ठरलेल्या पावलांनी सगळे फिरतात आणि गोफ विणला जातो. मग तीच पावलं उलटी टाकली की गोफ सुटतो आणि दोऱ्या पुन्हा मोकळ्या. आता समजा, विणणं झाल्यावर आणि सोडवणं सुरू होण्याआधी चार-पाच मुलं गुपचूप जागा बदलून बसली. मास्तर ओरडले, पावलं उलटी पडली, पण दोऱ्या सुटायच्या नाहीत. कुठेतरी गुंता राहणार. किती मुलं हलली हे पाहिलं नसलं तरी गुंता पाहून सांगता येईल.

पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखं डुलतं. १.५ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात) यंत्रात सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा. क्षेत्र जरा वाढवलं की डुलण्याचा वेग वाढतो. पाण्याचं सरकणं मोजणाऱ्या ह्या डिफ्यूजन तपासणीत डोक्याच्या एका बाजूला क्षेत्र किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी असा उतार काही मिलिसेकंद लावतात. एका बाजूची केंद्रकं पुढे जातात, दुसरीकडची मागे पडतात: गोफ विणला गेला. मग एका रेडिओ लहरीनं सगळ्यांचं पुढे-मागे असणं पलटवतात आणि तोच उतार पुन्हा लावतात: गोफ सोडवला. जे रेणू जागच्या जागी राहिले ते पुन्हा एका तालात येतात आणि संकेत जोरात मिळतो. जे मधल्या वेळात सरकले त्यांचा ताल जुळत नाही, संकेत मंदावतो. म्हणजे पाणी जितकं मोकळं तितकं चित्र काळं, आणि पाणी जितकं अडकलेलं तितकं पांढरं. काका ज्याला "डोक्याशी ढोल-ताशाचा सराव" म्हणाले तो आवाज ह्या उताराच्या कॉइलींचाच. प्रवाह झपाट्यानं चालू-बंद होतो आणि त्या चुंबकात थडथडतात.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी: संकेत e^(−bD) ह्या पटीत घटतो. b म्हणजे उताराचा जोर, मेंदूसाठी बहुधा १००० सेकंद प्रति चौरस मिलिमीटर. D म्हणजे पाण्याचं मोकळेपण. मेंदूभोवतीच्या द्रवात D सुमारे ०.००३, म्हणून १०० पैकी ५ भाग संकेत उरतो. निरोगी मेंदूत सुमारे ०.०००७५, उरतात ४७. गुठळीनं उपाशी पडलेल्या भागात D ०.०००४ च्या आसपास उतरला तर ६७. म्हणून तो ठिपका पांढरा. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी ४७ आणि ६७ एवढेच लक्षात ठेवले तरी चालेल.

रक्त थांबलं की D का घसरतो? पेशीच्या भिंतीतले पंप ऊर्जेवर चालतात आणि सोडियम बाहेर फेकत राहतात. ऊर्जा संपली की सोडियम आत, त्यामागून पाणी आत, पेशी फुगते. पेशींमधली जागा एरवी मेंदूच्या सुमारे एक पंचमांश असते, ती आवळते. तुळशीबागेतल्या दुकानदारांनी आपापला माल आणखी दोन हात पुढे मांडला की बोळाचं जे होतं तेच. (नेमकं किती श्रेय बोळाला आणि किती पेशीच्या आतल्या गर्दीला, ह्यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.) १९९० मध्ये मायकेल मोझली यांच्या गटानं मांजरांच्या मेंदूत हा बदल तासाभराच्या आत टिपला, आणि तेव्हा नेहमीच्या एमआरआयवर काहीच दिसत नव्हतं.

का दिसत नव्हतं? कारण मेंदूतलं एकूण पाणी अजून वाढलेलं नसतं, बाहेरचं आत गेलंय इतकंच. एकूण पाणी हळूहळू, काही तासांत वाढतं. फ्लेअर नावाची तपासणी नेमकं हे वाढलेलं पाणी पांढरं दाखवते, आणि ते दिसू लागायला थोडाथोडका नाही, काही तासांचा अवधी लागतो.

म्हणजे काकूंची फिल्म पुन्हा बघा. वरची ओळ डिफ्यूजनची, तिथे ठिपका. खालची फ्लेअरची, तिथे काही नाही. दोन्हीकडे ठिपका असता तर झटका जुना असण्याची शक्यता, कदाचित मध्यरात्रीचा. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, म्हणजे झटका ताजा, बहुधा साडेचार तासांच्या आतला. काकांचं घड्याळ त्या दोन ओळींच्या तफावतीत होतं. दोन तपासण्या एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा खात्री वाटते, पण जास्त माहिती त्या भांडतात तेव्हा मिळते, असं माझं मत झालंय.

ही तफावत पाहून औषध द्यावं का, ह्याची परीक्षा युरोपात 'वेक-अप' ह्या चाचणीत झाली. २०१८ मध्ये निकाल आले, ५०३ रुग्ण. औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले, न मिळालेल्यांपैकी ४१.८ टक्के. पण मृत्यूही औषधाच्या गटात जास्त होते, ४.१ विरुद्ध १.२ टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण लपवण्यासारखा नाही.

डिफ्यूजनला जोड लागते ती फक्त वेळेसाठी नाही. मुळात तो पांढरा ठिपका खरा की खोटा हेही एकट्या चित्रावरून कळत नाही. आधीच उजळ असलेला जुना डाग ह्या चित्रातही चमकतो, म्हणून शेजारी एडीसी नावाचा नकाशा ठेवतात, त्यात फक्त D उरतो. परफ्यूजन नावाच्या तपासणीत शिरेतून चित्रात उठून दिसणारं द्रव्य सोडून रक्त कुठे पोचत नाही ते पाहतात. रक्त न पोचलेला भाग मोठा आणि डिफ्यूजनचा ठिपका छोटा असेल, तर मधला पट्टा अजून वाचवण्याजोगा.

आणि आपल्याकडचा खास पेच: मेंदूत गोल कडं दिसतं, ते पुवाचं गळू, क्षयाची गाठ की कर्करोग? पू दाट, त्यात पाणी अडकतं, ठिपका पांढरा. कर्करोगाच्या गाठीचं सडलेलं पोट बहुधा पातळ, म्हणून काळं. क्षयाची गाठ मात्र कधी अशी, कधी तशी. मग स्पेक्ट्रोस्कोपी. पाषाण रस्त्यावर एनसीएल ह्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ नळीतल्या रेणूंची ओळख ज्या तत्त्वानं पटवतात, तेच इथे कवटीच्या आत. पुवात जंतूंनी फोडलेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं दिसतात. क्षयाच्या गाठीत ती सहसा नसतात, तिथे चरबीचा उंच सुळका येतो.

"संपूर्ण शरीराचा एमआरआय, सवलतीत" अशा जाहिराती हल्ली फ्लेक्सवर झळकतात, त्यांत ह्यातलं काहीच लिहिलेलं नसतं. लक्षण नसलेल्या माणसात सापडलेल्या ठिपक्याशी भांडायला दुसरं चित्र कुठलं आणायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. उलट, लक्षण असूनही डिफ्यूजन कोरं येऊ शकतं. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा झटका पहिल्या दिवशी कधीकधी निसटतो, आणि तेव्हा रुग्णाला उभं करून चालायला लावणारा, डोळ्यांसमोर बोट फिरवणारा डॉक्टर यंत्राच्या पुढे असतो.

काकांच्या डाव्या हाताची पकड अजून जरा कच्ची आहे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. काकूंनी फिल्म पाकिटात घातली आणि विचारलं, "मग खालच्या चित्राचे पैसे कमी का नाही लावले? त्यात छापायला काहीच नव्हतं."