अ‍ॅक्रिलिकला चिकटून बसलेला कागद: गोंद सोडवावा, शीट नव्हे

नव्या अ‍ॅक्रिलिक (काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) शीटवरचा तपकिरी संरक्षक कागद कोपऱ्यातून धरून ओढला की फर्रकन निघतो आणि खाली आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. तीच शीट काही वर्षे उन्हाच्या तिरिपेत किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली पडून राहिली, तर कागदाचे बोटभर रुंदीचे तुकडे हातात येतात, कागदाचा वरचा पापुद्रा निघतो आणि खालचा तंतुमय थर गोंदासकट तसाच राहतो. अशा वेळी हात आपसूक पत्तीकडे किंवा थिनरच्या बाटलीकडे जातो. शीटचे खरे नुकसान कागदाने होत नाही, ते या दोन वस्तूंनी होते.

कागद निघेनासा का होतो, याचे उत्तर गोंदात आहे. संरक्षक कागदासाठी बहुधा रबरावर आधारलेला, दाबाने चिकटणारा गोंद वापरतात. हा गोंद म्हणजे अतिशय घट्ट असा द्रवच असतो. सुरुवातीला तो पृष्ठभागाला मोजक्या ठिकाणीच टेकलेला असतो, पण काळ जातो तसा तो सावकाश पसरून पृष्ठभागाचा कण न् कण व्यापतो. त्यात हवेतील ऑक्सिजन, उष्णता आणि अतिनील किरण यांची भर पडते. नैसर्गिक रबराच्या लांब रेणुसाखळ्यांमधील दुहेरी बंध ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडतात. काही साखळ्या तुटतात तेव्हा गोंद चिकचिकीत होतो, तर काही एकमेकींना जोडल्या जातात तेव्हा तो कडक आणि ठिसूळ बनतो. दुसरीकडे कागदातील सेल्युलोजही झिजत असते. परिणामी गोंदाची पकड वाढते आणि कागदाची ताकद घटते; ज्या दिवशी पहिली दुसरीपेक्षा वरचढ ठरते, त्या दिवसापासून कागद निघण्याऐवजी फाटतो.

म्हणून पहिला उपाय यांत्रिक असावा आणि तो कोरडा असावा. चिकटपट्टी सोलण्याच्या भौतिकशास्त्रानुसार न ताणली जाणारी पट्टी जितक्या मोठ्या कोनात मागे वळवावी तितके कमी बळ लागते. पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन ठेवून ओढल्यास 90 अंशांच्या तुलनेत सुमारे साडेसातपट बळ लागते. मात्र जुना कागद एकदम उलटा दुमडला तर घडीवरच तुटतो. यावर कारागिरांची युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते: कागदाची मोकळी कड पुठ्ठ्याच्या नळीवर चिकटवून नळी शीटवरून सावकाश गुंडाळत न्यायची, म्हणजे ओढ संपूर्ण रुंदीवर सारखी पडते आणि फाटण्याची सुरुवात करणारे टोकच उरत नाही. पुढचा भाग हेअर ड्रायरने कोमट केला तर गोंद मऊ पडतो. अ‍ॅक्रिलिक साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखी कडक अवस्था सोडून मऊ होते, त्यामुळे हाताला सोसवेल इतकीच ऊब पुरे. हीट गनची हवा काहीशे अंशांपर्यंत तापते, तिने शीट वाकते किंवा तिच्यात बुडबुडे येतात.

एवढ्याने भागले नाही तर द्रावकाची पाळी येते. येथे एक आकडा फार उपयोगी पडतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डेब्रँड यांच्या नावाने ओळखला जाणारा विद्राव्यतेचा हा निर्देशांक पदार्थातील रेणू एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात हे सांगतो, आणि ज्यांचे आकडे जवळजवळ असतात ते पदार्थ सहसा एकमेकांत मिसळतात. नैसर्गिक रबराचा आकडा सुमारे 16.5 ते 17, तर अ‍ॅक्रिलिकचा सुमारे 19 आहे. अ‍ॅसिटोनचा 20 आणि टोल्युइनचा 18.2, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्रिलिकच्या अगदी शेजारी. हे द्रव शीटच विरघळवू लागतात. थिनरमध्ये नेमके असेच द्रव असतात. उलट हेक्झेन या खनिज तेलापासून मिळणाऱ्या हलक्या द्रवाचा आकडा 14.9 आहे. तो रबराच्या जवळचा आणि अ‍ॅक्रिलिकपासून लांबचा असल्यामुळे गोंद सुटतो आणि शीट शाबूत राहते. नॅफ्था आणि रॉकेल बहुतांशी याच गोत्रातले. पेट्रोल त्यांचेच भावंड वाटते खरे, पण त्यात टोल्युइनसारखी अ‍ॅरोमॅटिक संयुगे आणि पुष्कळदा इथेनॉलही असते, म्हणून ते वर्ज्य समजावे.

घरच्या कामासाठी मी रॉकेलच सुचवेन. ते हेक्झेनपेक्षा सावकाश उडते, त्यामुळे कागदात मुरायला वेळ मिळतो. त्याचा ज्वलनांकही, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, बराच वर, सुमारे 38 अंशांच्या पुढे असतो. हेक्झेनची वाफ मात्र शून्याखाली 22 अंशांनाही पेट घेऊ शकते. ही बाब गंभीर आहे, कारण कोरडा कागद सोलताना स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिची ठिणगी उडू शकते. काम मोकळ्या हवेत करावे, जवळ ज्योत किंवा चालू हीटर नसावा आणि चिंध्या गोळा करून कोंबून ठेवू नयेत.

कृती सोपी आहे, फक्त उतावीळपणा नको. कागदाचा वरचा थर गुळगुळीत असेल तर तो नखाने थोडा खरवडावा, कापडाने रॉकेल पसरावे, वर पॉलिथिनचा कागद झाकावा आणि थांबावे. तपकिरी रंग सर्वत्र सारखा गडद झाला की द्रव गोंदापर्यंत पोहोचला असे समजावे. मग प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने कागद सरकवत न्यावा. धातूची पत्ती मऊ अ‍ॅक्रिलिकवर हमखास ओरखडे पाडते. उन्हाने साखळ्या जोडल्या गेलेला गोंद रॉकेलात विरघळणार नाही, तो फक्त फुगेल. तरीही काम होते: फुगलेला गोंद अंगठ्याने रेटला की त्याच्या राखाडी वळ्या होऊन सुटतात. द्रावक नकोच असेल तर शीट कोमट साबणपाण्यात रात्रभर ठेवावी. पाण्याने सेल्युलोजचे तंतू फुगून कागदाचा लगदा होतो, पण गोंद बहुधा मागे राहतो आणि शेवटी त्यासाठी थोडे रॉकेल लागतेच.

आता सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट. द्रावक कोपऱ्यावर तपासून पाहावा असे सगळेच सांगतात, पण कोणत्या कोपऱ्यावर हे कोणी सांगत नाही. करवतीने किंवा लेसरने कापलेल्या कडेजवळ आणि भोकांभोवती शीटमध्ये ताण अडकून राहिलेला असतो. अशा ताणलेल्या जागी अल्कोहोल किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव लागले की अत्यंत बारीक भेगांचे जाळे उमटते. शीट तिरप्या उजेडात धरली की त्या चांदीसारख्या चमकतात. इथेनॉल या नेहमीच्या अल्कोहोलचा आकडा 26 म्हणजे अ‍ॅक्रिलिकपासून दूर आहे, तरी ते ताणलेल्या जागी घात करते, म्हणजे वरचे गणित बिनताणाच्या शीटपुरतेच खरे. तपासणी म्हणूनच कापलेल्या कडेवर करावी. साच्यात ओतून बनवलेल्या शीटच्या तुलनेत यंत्रातून दाबून काढलेली शीट या भेगांना लवकर बळी पडते, कारण तिच्या रेणुसाखळ्या आखूड असतात.

कागद निघाल्यावर शीट कोरड्या फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा. स्थिर विद्युतेने ओढलेली धूळ फडक्याखाली घासली जाते आणि तासाभराची मेहनत ओरखड्यांत जाते. आधी भरपूर पाणी ओतावे, मग सौम्य साबणाने हाताने धुऊन रॉकेलचा तेलकट थर काढावा आणि ओल्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. उरलेले हलके ओरखडे प्लॅस्टिकच्या पॉलिशने घालवता येतात, कारण ते पृष्ठभागापुरतेच असतात. द्रावकाने पडलेल्या भेगा आत उतरलेल्या असतात आणि त्यांना पॉलिशचा उपयोग होत नाही.