रात्रीचे विमान आणि रात्रभराचे विमान: स्वस्त तिकीट कुठे परवडते?

तिकिटे शोधताना ‘रात्रीचे विमान’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे प्रवास आपल्यासमोर येतात. एक विमान मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास निघते, दोन-अडीच तास उडते आणि उजाडण्याआधीच उतरते. दुसरे रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान निघून आठ-दहा तास उडते आणि सकाळी पोहोचते. लांबच्या प्रवासात चांगली झोप मिळालेला माणूस त्या अनुभवाच्या भरवशावर जवळचे मध्यरात्रीचे तिकीट घेतो आणि पुढचा अख्खा दिवस पेंगत काढतो. उलट, मध्यरात्रीच्या विमानाने पोळलेला माणूस लांबचे रात्रीचे विमान पाहताच नकार देतो. दोघांचीही गफलत एकच आहे. तिकिटावरची निघण्याची वेळ त्यांनी पाहिली, पण हवेत सलग किती झोप मिळणार, हे मोजले नाही.

मध्यरात्रीच्या विमानाचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. उड्डाण पावणेदोनला असेल, तर पावणेबाराला विमानतळावर पोहोचावे लागते, म्हणजे साडेदहा-अकराला, एरवी अंथरुणावर पडण्याच्या वेळी, घर सोडावे लागते. तपासणी आटोपून प्रवासी खुर्चीवर बसतो, तेव्हा डोळ्यांवर झोप असते. पण पाणी-बिस्किटांची फेरी आणि घोषणा होऊन दिवे मंद होईपर्यंत आणखी अर्धा तास जातो. उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी खुर्ची सरळ करायला आणि खिडकीची झडप उघडायला सांगतात. अडीच तासांच्या उड्डाणात झोपेसाठी उरतो जेमतेम दीड तास, तोही मान एका बाजूला कलंडलेली आणि कोपरे अंगाशी आवळलेली अशा अवस्थेतला. शरीराचे तापमान पहाटे चारच्या आसपास सर्वांत खाली असते आणि झोपेची ओढही तेव्हाच सर्वाधिक असते. नेमक्या त्याच वेळी हा प्रवासी सामानाच्या पट्ट्यापाशी उभा असतो. रात्रीच्या सुरुवातीची गाढ झोप आणि पहाटेची स्वप्नांची झोप, दोन्ही हातच्या जातात. मराठीत ज्याला झोपेचे खोबरे म्हणतात, ते हेच.

लांबच्या विमानात जेवणासाठी सुरुवातीचे तास-दीड तास आणि न्याहारीसाठी शेवटचे दीड-दोन तास सोडले, तरी मधे पाच-सहा तास अंधार असतो. ही झोप घरच्या अंथरुणासारखी नसते, हे मान्यच करायला हवे. केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते आणि घसा कोरडा पडून जाग येते. तरीही सलग चार तास डोळा लागला, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहू शकतो. तुकड्यातुकड्यांच्या दीड तासावर ते होत नाही.

स्वस्ताईची कारणेही वेगळी आहेत. जवळच्या मार्गावर मध्यरात्रीच्या वेळेला मागणी कमी असते. पण जमिनीवर उभे असलेले विमान कमाई करत नाही, म्हणून कंपनी कमी दरात का होईना, ते उडवते. ती सवलत प्रवाशाच्या गैरसोयीचे मोल असते. लांबच्या अनेक मार्गांवर मात्र रात्र हीच रुळलेली वेळ आहे, त्यामुळे तिथे एखादे तिकीट स्वस्त दिसले, तर वेळेपेक्षा मधला थांबा, सामानाची मर्यादा किंवा तिकीट रद्द करण्याच्या अटी आधी पाहाव्यात.

हॉटेलची एक रात्र वाचते, हा युक्तिवाद दोन्हींसाठी केला जातो. लांबच्या प्रवासात तो बराचसा खरा आहे. पहाटे साडेचारला उतरणाऱ्याला मात्र खोली सहसा दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. एक तर आदल्या रात्रीचे भाडे भरा, नाहीतर दहा तास बॅग सांभाळत बसा. त्यात अवेळच्या टॅक्सीचे जादा भाडे मिळवले, की तिकिटातली बचत बहुधा तिथेच संपते. कोणी आपले माणूस त्या गावी असेल आणि गेल्या गेल्या झोपता येणार असेल, तरच मी हे तिकीट घ्यावे असे म्हणेन.

या दोहोंच्या मधला अवघड प्रकार म्हणजे पूर्वेकडे जाणारे सहा-सात तासांचे उड्डाण. न्यूयॉर्कहून रात्री नऊला निघून सुमारे सात तासांनी लंडनला उतरले, तर तिथे सकाळचे नऊ वाजलेले असतात, पण शरीराच्या लेखी पहाटेचे चार. इथे अपुऱ्या झोपेच्या जोडीला जेट लॅगही येतो, आणि एका रात्रीच्या झोपेने भरून निघतो तो फक्त जागरणाचा थकवा. शरीराचे घड्याळ जुळायला कित्येक दिवस लागतात.

उतरल्यावर स्वतः गाडी चालवायची असेल, तर मध्यरात्रीचे विमान घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. सकाळी सातला उठलेल्या प्रवाशाचे १७ तास विमानात चढण्याआधीच, रात्री बारालाच पूर्ण होतात.

तारखेची चूकही दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी होते. १२ तारखेचे ००:४० चे उड्डाण म्हणजे ११ तारखेच्या रात्री विमानतळ गाठायचा असतो. १२ च्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेले असते, आणि जाताना हजर न राहिल्यास त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही अनेक कंपन्या रद्द करतात. रात्री साडेदहाच्या लांबच्या विमानात निघण्याची तारीख चुकत नाही, पोहोचण्याची चुकते. तिथे खोली दुसऱ्या दिवसापासून घ्यावी लागते.