कृपा आधी की कर्मे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती तारणाबाबत, म्हणजे पापातून सुटका कशाने होते याबाबत, ‘देवाची कृपा की माणसाची सत्कर्मे’ हा प्रश्न निघाला की बोट सहसा सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरकडे जाते. वादाचे मूळ मात्र बायबलच्या नव्या करारातच आहे, आणि तेही एकाच माणसाच्या गोष्टीत. तो माणूस म्हणजे ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम.

अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तोच त्याचे नीतिमत्त्व (देवापुढे निर्दोष ठरणे) म्हणून गणला गेला, असे बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात येते. रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या ‘रोमकरांस’ या पत्रात प्रेषित पौल याच ओळीवर बोट ठेवून विचारतो: तेव्हा त्याची सुंता झाली होती का? नव्हती, ती १७व्या अध्यायात येते. म्हणजे देवाने त्याला आपलेसे केले ते आधीच. ख्रिस्ताकडे येणाऱ्या परराष्ट्रीयांनी (ज्यू नसलेल्यांनी) सुंता करावी, ज्यूंचे नियमशास्त्र पाळावे असा आग्रह तेव्हा धरला जात होता, हे विसरून पौल वाचला तर तो अर्धाच कळतो.

नव्या करारातल्या दुसऱ्या एका पत्राचा लेखक याकोब तीच ओळ घेतो, पण जोडतो उत्पत्तीच्या २२व्या अध्यायाशी, जिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवतो. याकोबापुढची माणसे वेगळी आहेत. अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही अशा भावाबहिणींना ती कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावतात. असला विश्वास निर्जीव, असे तो बजावतो. या दोघांना एकमेकांचे विरोधक ठरवणे मला पटत नाही. पौल दाराशी उभ्या असलेल्यांशी बोलतो, याकोब घरात आलेल्यांशी.

पाचव्या शतकात प्रश्न आणखी खोल गेला. ‘तू जी आज्ञा करतोस ते आधी दे, मग हवी ती आज्ञा कर’ अशा अर्थाची बिशप ऑगस्टीनची प्रार्थना पेलेगियस या धर्मशिक्षकाला खटकली. अशाने माणूस जबाबदारी झटकेल, ही त्याची चिंता प्रामाणिक होती. तरी माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो ही पेलेगियसची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने तर विश्वासाची सुरुवातही कृपेचेच दान आहे असे ठरवले.

म्हणून १५१७ चा ल्यूथरचा संताप समजून घ्यायला हवा. चर्चची अधिकृत शिकवण कृपेचीच होती, पण पैसे मोजून पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकली जात होती. त्याविरुद्ध ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रबंधांपैकी (छोट्या विधानांपैकी) पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. पुढे नव्या कराराच्या १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो या ओळीत, त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला. मुळात तो नाही. जर्मन बोलीला तो हवाच, असे समर्थन त्याने १५३० मध्ये केले. गंमत अशी की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द बायबलमध्ये एकदाच येतात, याकोबाच्या पत्रात, आणि तेही नकारासह!

कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ विश्वास’ धिक्कारला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निर्णयाचा पहिला नियम मात्र क्वचितच वाचला जातो: कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते असे म्हणणाराही त्यात दोषी ठरवला आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने. आणि तोच आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, असे त्यात दोघांनी मिळून कबूल केले. मतभेद काही उरलेच. प्रोटेस्टंटांपैकी २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात सामील झाले आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या. या रिफॉर्म्ड मंडळ्यांची सही झाली ती ल्यूथरच्याच विटेनबर्ग गावी.