बॅटरी भरलेली असूनही शेगडी बंद का पडते?

कॅम्पर व्हॅनमधल्या इंडक्शन शेगडीवर लिटरभर पाणी ठेवलेलं आहे. बॅटरीचा डिस्प्ले ९० टक्के दाखवतोय. शेगडी १८०० वॅटवर लावली की इन्व्हर्टरचा पंखा जोरात फिरू लागतो, अर्ध्या मिनिटात पीं-पीं सुरू होतं आणि मग सगळं बंद. पाणी जेमतेम कोमट. अशा वेळी दोष बहुतेक वेळा बॅटरीच्या माथी मारला जातो. मग तीच जुनी केबल ठेवून शेजारी दुसरी बॅटरी बसवली जाते, आणि पीं-पीं काही थांबत नाही.

कॅम्पर व्हॅनमध्ये स्वयंपाक विजेवर करावा की गॅसवर, हा वाद रंगतो तेव्हा अँपिअर-तासांचा, म्हणजे साठ्याचा, हिशेब सगळेच मांडतात. अँपिअरचा, म्हणजे प्रवाहाचा, हिशेब फार थोडे लोक करतात. खरी मेख तिथेच आहे.

साठ्याचा हिशेब सोपा आहे, तो आधी उरकून घेऊ. १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३३५ किलोज्यूल, म्हणजे ९३ वॅट-तास लागतात. इंडक्शन शेगडी घेतलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के भांड्यात उतरवते आणि इन्व्हर्टर १२ टक्क्यांच्या आसपास स्वतःच खातो, त्यामुळे बॅटरीतून जातात १२४ वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॅट-तासांची असते. म्हणजे दहा लिटर पाणी उकळेल. दोन माणसांचं दिवसाचं चहा-कॉफीचं पाणी आणि दोन वेळचा साधा स्वयंपाक एक युनिटच्या (१००० वॅट-तासांच्या) आसपास बसतो. जमण्यासारखं आहे.

गॅसच्या बाजूला आकडे वेगळेच आहेत. १ किलो एलपीजीत सुमारे १२.८ युनिट ऊर्जा असते. उघड्या बर्नरची निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते आणि ४० टक्केच कामी येते असं धरलं, तरी ५ युनिट पदरात पडतात. वर सांगितलेल्या दिवसभराच्या एका युनिटपैकी भांड्यात पाऊणच उतरतं, त्याला १५० ग्रॅम गॅस पुरतो. ५ किलोचा सिलिंडर जवळपास पाच आठवडे चालेल. तेवढीच ऊर्जा बॅटरीत भरायची तर? १२८० वॅट-तासांची बॅटरी ११-१२ किलोची असते, म्हणजे किलोमागे गॅस शंभरपटीहून पुढे आहे. वजनाच्या शर्यतीत वीज कधीच जिंकणार नाही. ती जिंकते ती रोज परत भरता येते म्हणून.

आता पीं-पींकडे येऊ.

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर १८०० वॅटची शेगडी ८ अँपिअरही घेत नाही. व्हॅनमध्ये तीच शक्ती १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची असते. इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीकडून २०४५ वॅट हवेत. भागाकार केला की उत्तर येतं १६० अँपिअर. हा जवळपास वेल्डिंग मशीनचा प्रवाह झाला, आणि तो सेकंद-दोन सेकंद नाही, पाणी उकळेपर्यंत वाहायला हवा.

तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. त्या 'वर्ग' शब्दाचं वजन इथे कळतं. समजा बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर २ मीटर आहे. जाऊन-येऊन तार ४ मीटर. १६ चौरस मि.मी.ची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध ४.४ मिलिओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध, फ्यूज, मुख्य स्विच आणि चार-सहा जोड मिळून आणखी साडेपाच मिलिओहम धरू. एकूण १० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग. साधा मल्टिमीटर हा रोध शून्यच दाखवेल.

१६० अँपिअर या 'शून्या'तून गेले की १.६ व्होल्ट वाटेतच गळतात. इन्व्हर्टरपाशी पोहोचतात ११.२ व्होल्ट. पण इन्व्हर्टर हा बल्बासारखा गरीब स्वभावाचा नाही. व्होल्टेज उतरलं की बल्ब मंद होतो, कमी प्रवाह घेतो. इन्व्हर्टरला शेगडीला १८०० वॅट द्यायचेच असतात, म्हणून व्होल्टेज उतरलं की तो उलट जास्त प्रवाह ओढतो. २०४५ भागिले ११.२, म्हणजे १८३ अँपिअर. त्याने गळती वाढून १.८३ व्होल्ट होते, इन्व्हर्टरला मिळतात १०.९७, तो मागतो १८६ अँपिअर. पुन्हा गळती, पुन्हा मागणी. हा पाठशिवणीचा खेळ १८७ अँपिअर आणि १०.९ व्होल्टवर येऊन थांबतो. बरेच इन्व्हर्टर ११ व्होल्टच्या आसपास इशारा देतात आणि १०.५ च्या सुमारास स्वतःला बंद करतात; तापलेल्या तारेचा रोध थोडा वाढला की तिथवर उतरायला वेळ लागत नाही. बॅटरी भरलेली आहे, पण इन्व्हर्टरला ती रिकामी वाटते, कारण तो बॅटरीकडे दोन मीटर बारीक तारेच्या पलीकडून बघतो आहे. दरम्यान ३५० वॅट उष्णता तारेत, जोडांत आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात जिरते आहे.

गणिताची आवड असणाऱ्यांनी हे वर्गसमीकरण म्हणून सोडवून पाहावं. त्याला दोन उत्तरं येतात, आणि शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की एकही येत नाही. ती मर्यादा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. आपल्या उदाहरणात ४०९६ वॅट. त्यापुढे बॅटरी कितीही मोठी दाखवा, त्या तारेतून तेवढी शक्ती जाणारच नाही.

उपाय याच समीकरणात आहे. तार ५० चौरस मि.मी.ची घेऊन, जोड नीट करून एकूण रोध ४ मिलिओहमवर आणला, तर प्रवाह १६९ अँपिअरवर थांबतो, इन्व्हर्टरला १२.१ व्होल्ट मिळतात आणि वाया जाणारी उष्णता ३५० वरून ११४ वॅटवर येते. दुसरा उपाय याहून देखणा आहे. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २५.६ व्होल्टची व्यवस्था केली, इन्व्हर्टर २४ व्होल्टचा घेतला, तर तीच १० मिलिओहमची तार असूनही प्रवाह ८३ अँपिअरच्या आत राहतो आणि उष्णता ६८ वॅट. नव्याने व्हॅन बांधत असाल आणि विजेवर स्वयंपाक करायचं नक्की असेल, तर २४ व्होल्टचा विचार पहिल्याच दिवशी करा. नंतर सगळं उकलावं लागतं.

जोडांबद्दल थोडं जवळून. तारेच्या टोकाला बसवलेला तांब्याचा लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं जोडटोक, बॅटरीच्या टर्मिनलवर थेट टेकला पाहिजे. वॉशर येतो लगच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली. घाईत वॉशर लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये अडकवला जातो. वॉशर बहुधा स्टीलचा, त्याचा रोध तांब्याच्या कितीतरी पट. त्या एका जागी २ मिलिओहम वाढले, तरी १६० अँपिअरला तिथे ५१ वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटची असते. मग तारेचं आवरण आधी पिवळसर पडतं, मग लगजवळ कडक होऊन आक्रसतं. लग हातोडीने ठोकून बसवू नका, षटकोनी दाब देणाऱ्या हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा, आणि बोल्ट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळा.

तपासायची पद्धत सोपी आहे. शेगडी पूर्ण शक्तीवर चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा. एक टोक टर्मिनलच्या धातूवर, दुसरं लगवर. चांगल्या जोडावर ३० मिलिव्होल्टच्या आसपास दिसतील. ३०० दिसले तर तो जोड ४८ वॅटचा हीटर झाला आहे. शेगडी बंद करा, जोड उघडा, साफ करून पुन्हा आवळा.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा, ५० चौरस मि.मी.च्या तारेला २२५ अँपिअरचा चालेल, आणि तो क्लास टी प्रकारचा घ्या. शॉर्ट सर्किट झालं तर लिथियम बॅटरी काही हजार अँपिअर देऊ शकते. तेवढा प्रवाह तोडण्याची ताकद साध्या फ्यूजमध्ये नसते, आत ठिणगीचा पूल तयार होऊन प्रवाह चालूच राहू शकतो. बॅटरीच्या आतला रक्षक, म्हणजे बीएमएस, किती अँपिअर सोडतो तेही आधी वाचा. १०० अँपिअर-तासांच्या बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस १०० अँपिअरला थांबवतो, म्हणजे १२८० वॅटला. त्यावर १८०० वॅटची शेगडी चालणारच नाही, तार कितीही जाड असो. शिसे-आम्ल बॅटरीचा या कामासाठी विचारच करू नये. एवढ्या जोरात उपसली की ती नावावरच्या क्षमतेच्या निम्मीही देत नाही आणि लवकर खराब होते.

'मग शेगडी ५०० वर लावू' ही पळवाट बहुतेक वेळा उपयोगी पडत नाही. स्वस्त इंडक्शन शेगड्या कमी शक्ती खऱ्या अर्थाने कमी करत नाहीत. त्या हजार-बाराशे वॅटला काही सेकंद चालू आणि काही सेकंद बंद होत राहतात, सरासरी ५०० ची येते. पाण्यात बुडबुडे येतात, थांबतात, पुन्हा येतात, त्यावरून हे ओळखता येतं. तारेला आणि बीएमएसला सरासरी कळत नाही, त्यांना चालू असतानाचे शंभरेक अँपिअरच सोसावे लागतात. म्हणून मुळातच १००० वॅटच्या आतली किंवा शक्ती अखंड कमी करणारी शेगडी शोधा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा हवा.

गाडीच्या लायटर सॉकेटवर 'चुटकीसरशी' पाणी उकळणाऱ्या केटलीच्या जाहिराती येतात. ते सॉकेट १०-१५ अँपिअरचं असतं, म्हणजे १२० ते १८० वॅट. लिटरला ९३ वॅट-तास लागतात. १५० वॅटने एकही कॅलरी बाहेर न सांडता ३७ मिनिटं होतात, प्रत्यक्षात पाऊण तासाच्या पुढे. जाहिरातीला भागाकार लावला की ती लगेच उघडी पडते.

इंडक्शनच्या 'किरणांनी' अन्न बिघडतं हा समजही असाच टाकून द्यावा. शेगडीखालच्या कॉइलमध्ये वीस-तीस हजार ते लाखभर हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं. ते भांड्याच्या तळात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतं, तळ तापतो, अन्न तळामुळे शिजतं. रेणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा या लहरींत नाही. खरी काळजी एकच: हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू शेगडीपासून ६० सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि डॉक्टरांना विचारावं. व्हॅनच्या अरुंद जागेत हे अंतर आपोआप राहत नाही.

गॅसला यातली एकही कटकट नाही. त्याच्या अडचणी हवेशी निगडित आहेत. मध्यम व्हॅनमध्ये १० घनमीटर हवा धरली तर तिच्यात २.८ किलो ऑक्सिजन असतो. २ किलोवॅटचा बर्नर तासाला १५५ ग्रॅम प्रोपेन जाळतो आणि त्यासाठी ५६५ ग्रॅम ऑक्सिजन खातो. खिडक्या घट्ट बंद असतील तर एका तासात पाचवा हिस्सा संपला. ज्योत त्याआधीच पिवळी पडते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. शिवाय त्या तासात पाव लिटर पाण्याची वाफ हवेत येते, ती रात्री थंड पत्र्यावर दव होऊन उतरते. गॅस चालू असताना छताची खिडकी आणि खालची एक झडप, दोन्ही उघडी हवीत. आणि व्हॅन उबदार ठेवायला बर्नर कधीही पेटवू नये.

इथे एक चूक सर्रास होते: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जमिनीलगत लावणं. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका आहे, तो खाली बसत नाही. त्याचा अलार्म झोपताना नाक असतं त्या उंचीवर हवा. खाली साचतो तो एलपीजी, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. गळलेला गॅस ६ चौरस मीटरच्या जमिनीवर १० सेंटिमीटर थरात पसरला, तर पेट घेण्याइतकं मिश्रण व्हायला २३ ग्रॅम प्रोपेन पुरतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून हवाबंद आणि तळाला थेट बाहेर उघडणारं भोक असलेला हवा. ते भोक चिखलाने किंवा सामानाने बुजलेलं नाही ना, हे बघत जा.

सिलिंडर उभाच ठेवा. आडवा झाला तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत भडकते. शेगडीला ज्योत विझल्यावर गॅस तोडणारा थर्मोकपल असलाच पाहिजे. पेटवल्यावर बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं ते त्याच्यासाठीच. रबरी नळी तिच्यावर छापलेल्या मुदतीनुसार बदला, आणि प्रत्येक सिलिंडर बदलल्यावर जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. थंडीत मात्र फेस लावूनही काही सापडणार नाही आणि तरी ज्योत मरगळेल: ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याखाली त्याची पुरेशी वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. लिथियम बॅटरीही थंडीत रुसते, शून्याखाली तिला चार्ज करता येत नाही.

रोज दोन-अडीच तास गाडी चालणार असेल, ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालताना ही बॅटरी भरणारा) आणि किमान २०० अँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर वीज निवडा. तासाला सुमारे ४०० वॅट-तास परत येतात. एकाच जागी आठवडाभर मुक्काम, ढगाळ हवा, चार माणसं, तर गॅस. छतावरचं २०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला अर्धा-पाऊण युनिट देतं, ढगात त्याचा अगदी थोडा भाग. दोन्ही ठेवायचे असतील तर पाणी उकळणं विजेवर आणि तासभर मंद शिजणारं गॅसवर, असं वाटून घ्या. काहीही विकत घेण्याआधी भिंतीच्या सॉकेटला लावायचा ऊर्जामापक आणा, आठवडाभर घरातल्या इंडक्शन शेगडीवर व्हॅनमध्ये कराल तोच स्वयंपाक करा आणि दोन आकडे लिहून ठेवा: दिवसाचे वॅट-तास आणि एका क्षणी दिसलेले सर्वांत जास्त वॅट. पहिल्यावरून बॅटरी ठरते, दुसऱ्यावरून तार.