रॅकेटला शिसं लावायचं का? या प्रश्नामागची गोष्ट

फोंड्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, रॅकेटला शिसं लावू?" शिसं म्हणजे वजन वाढवायला चिकटवायची शिशाची पट्टी. टेनिसची रॅकेट नवी, तारा न ओवता 300 ग्रॅमची. समोरून जोरकस फटका आला की ती हातात वळते, ही तक्रार.

माझ्या वडिलांना हा प्रश्न पडलाच नसता. त्यांची लाकडी रॅकेट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास, वजन आयतंच मिळालेलं. काळजी वेगळी होती. जूनमध्ये आपल्याकडची हवा दमट झाली की लाकूड वाकायचं. म्हणून खेळून आलं की रॅकेट चौकटीत घालायची, चार कोपऱ्यांचे स्क्रू आवळायचे, मगच चहा. ती चौकट आमच्या माळ्यावर अजून आहे. स्क्रू मात्र गंजून बसलेत.

पुढे धातू आला. फ्रेंच टेनिसपटू रने लाकोस्तने कल्पिलेली पोलादी रॅकेट विल्सन कंपनीने 1967 मध्ये टी-2000 नावाने बाजारात आणली. जिमी कॉनर्सने 1974 चं विम्बल्डन तिच्यावरच जिंकलं आणि तिला शिशाच्या पट्ट्याही चिकटवल्या. 1976 मध्ये हॉवर्ड हेडची मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट आली. मग ग्रॅफाइट, हलकं आणि ताठ. दुकानात हलकी रॅकेट हातात घेतली की चटकन आवडते, पैसे तिथेच निघतात. मैदानावरचा हिशेब निराळा. पीट सँप्रस 85 चौरस इंची डोक्याची प्रो स्टाफ रॅकेट वापरायचा. ती मुळातच जड, तरी तो तिला वर शिसं लावायचा.

आता थोडं गणित, कारण सगळा घोळ इथेच होतो. रॅकेट फिरवायला किती जड वाटेल, ते वजन हातापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. या आकड्याला स्विंगवेट म्हणतात. मोजताना फिरण्याचा आस मुठीच्या टोकापासून 10 सेंटीमीटरवर धरतात आणि रॅकेटची लांबी असते साधारण 68.5 सेंटीमीटर. त्यामुळे अगदी टोकाला लावलेला एक ग्रॅम स्विंगवेट सुमारे 3.4 ने वाढवतो, घड्याळाच्या तीन-नऊच्या जागी, म्हणजे डोक्याच्या दोन्ही कडांना, लावलेला दोनाच्याही आत, मुठीतला जवळपास शून्य. रॅकेट वळू नये असं वाटत असेल तर जागा तीन-नऊचीच.

पाव इंच रुंदीच्या पट्टीचा चार इंचांचा तुकडा म्हणजे साधारण एक ग्रॅम. दोन्ही बाजूंना एकेक लावून आठवडाभर खेळ, असं मी सांगितलं. आधी रॅकेटची कड स्पिरिटने पुसून घे, नाहीतर पावसाळ्यात पट्टी सुटते. शिसं विषारी, हात धुवायला विसरू नकोस. शिसं नकोच असेल तर टंगस्टनची पट्टीही मिळते.

रविवारी तो रॅकेट घेऊन पणजीला आला. मूठ जाड लागली म्हणून सोडून पाहिली. घाम फार येतो म्हणून साहेबांनी तीन ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरच्या पातळ पट्ट्या, एकावर एक गुंडाळलेल्या, प्रत्येकी पाचेक ग्रॅमच्या. तोल सगळा मुठीकडे सरकलेला. दोन काढल्या आणि त्याला म्हटलं, आता खेळून बघ, शिसं राहू दे खिशात.